लिबरल आर्ट्स कॉलेजात मानवशास्त्र: प्रवेशापासून थिसिसपर्यंत

मानवशास्त्र घेऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात: यात शिकवतात काय आणि पुढे होतं काय. दोन्हींवर लिहिते, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगते. समोर काय घडलं आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, हे दोन्ही कागदावर वेगवेगळं ठेवता येणं हे या विषयाचं मूळ कौशल्य आहे. नुसतं वाचून ते अंगी येत नाही. लिहायचं, कुणाला तरी दाखवायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, असंच ते येतं. लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः पदवीचंच शिक्षण देणाऱ्या छोट्या कॉलेजात, वर्ग लहान असतात, प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि तुमच्या वहीचं पान वाचायला त्यांच्याकडे वेळ असतो. तिथे शिकण्याचा खरा फायदा हाच. म्हणून चार वर्षांची आखणी या कौशल्याभोवती करा, असं माझं ठाम मत आहे.

कॉलेज निवडताना

अमेरिकेत मानवशास्त्राच्या चार शाखा मानतात: सांस्कृतिक, जैविक, भाषिक आणि पुरातत्त्व. ही मांडणी रुजली ती मुख्यतः फ्रान्झ बोआस यांच्यामुळे. १८९९ पासून ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. एकच अभ्यासक किती शाखांत वावरू शकतो हे पाहायचं असेल तर इरावती कर्वे यांचं काम आठवा: लोकसमूहांची शरीरमापनं, भारतातल्या नातेव्यवस्थांवरचा १९५३ चा ग्रंथ, आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातमधल्या लांघणजचं उत्खनन.

छोट्या कॉलेजचा विभाग मात्र चारही शाखा शिकवेलच असं नाही. प्राध्यापक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. काही ठिकाणी फक्त सांस्कृतिक मानवशास्त्रच शिकवलं जातं. स्वार्थमोर कॉलेजात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र मिळून एकच विभाग आहे. रीड कॉलेजात विषय कोणताही असो, शेवटच्या वर्षी प्रत्येकाला थिसिस, म्हणजे स्वतःच्या संशोधनावरचा प्रबंध, लिहावाच लागतो. तुम्हाला हाडं आणि जीवाश्म यांची ओढ असेल आणि विभागात त्या शाखेचं कुणीच नसेल, तर कॉलेजचं नाव कितीही मोठं असलं तरी चार वर्षं चुटपुट लागून राहील.

माहितीपत्रकात सहसा न सापडणारी एक गोष्टही तपासा. प्राध्यापक काही वर्षांनी संशोधनाच्या रजेवर जातात. मोठ्या विद्यापीठात ते जाणवत नाही, पण चार-पाच जणांच्या विभागात एक जण रजेवर गेला की एक अख्खी शाखा वर्षभर बंद. त्यामुळे कोर्सची नुसती यादी पाहून समाधान मानू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणते कोर्स प्रत्यक्षात चालले ते पाहा आणि विभागाला ईमेल करून पुढच्या वर्षी कोण रजेवर आहे हे सरळ विचारा. त्यात गैर काहीच नाही. शेजारच्या कॉलेजात कोर्स घेता येतो का, हेही विचारा. ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड यांच्यात तशी सोय आहे आणि दोन विभाग मिळून निवड बरीच वाढते.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायचा नसतो. बहुतेक कॉलेजांत तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवतात. तोवर एक परिचयाचा कोर्स घ्या आणि बाकीच्या जागा वेगवेगळ्या विषयांनी भरा. त्यात एक परकी भाषा असू द्या आणि ती दोन वर्षं तरी सोडू नका. पुढे फील्डवर्कला, म्हणजे लोकांमध्ये राहून माहिती गोळा करायला, दुभाषा बरोबर घेऊन जाणारा आणि थेट बोलणारा, यांच्या हाती वेगवेगळी सामग्री लागते.

परिचयाच्या कोर्सात होरेस मायनर यांचा नासिरेमा लोकांच्या शरीरविधींवरचा १९५६ चा छोटा लेख वाचायला लावण्याची शक्यता बरीच आहे. त्याबद्दल इंटरनेटवर आधी काहीही शोधू नका. कोऱ्या मनाने वाचा, वाचताना काय वाटलं ते समासात लिहा आणि मग वर्गात जा.

वाचन भरपूर असतं. एका कोर्सला आठवड्याला शंभर पानं सहज होतात, आणि असे चार कोर्स. सगळं सारख्या बारकाईने वाचायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यातच दमछाक होईल. एथ्नोग्राफी, म्हणजे एखाद्या लोकसमूहात राहून त्याच्याबद्दल लिहिलेलं पुस्तक, हातात आली की आधी प्रस्तावना वाचा आणि चार गोष्टी टिपा: लेखक तिथे किती काळ राहिला, कोणाच्या भाषेत बोलला, खर्च कोणी उचलला, आणि कोणाचं म्हणणं खोडायला निघाला आहे. मग एक प्रकरण सावकाश वाचा, बाकीची चाळा.

सावकाश वाचणं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहू. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवरच्या १९३७ च्या ग्रंथात धान्याच्या कोठाराची गोष्ट सांगितली आहे. कोठार खांबांवर उभं असतं आणि दुपारच्या उन्हात लोक त्याच्या सावलीला बसतात. एक दिवस ते कोसळतं, खाली बसलेल्यांना इजा होते आणि लोक म्हणतात, हे चेटूक. घाईत वाचणारा इथे ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारून पान उलटतो. पण पुढचं वाक्य वाचा. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांद्यांना पक्कं ठाऊक आहे. उन्हामुळे माणसं तिथे बसली हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे: नेमकी हीच माणसं बसलेली असताना, नेमकं त्याच वेळी ते का पडलं? या प्रश्नाला आपल्याकडे ‘योगायोग’ यापलीकडे उत्तर नाही, त्यांच्याकडे आहे. कोणतीही एथ्नोग्राफी वाचताना हीच सवय लावा. लोकांचं उत्तर विचित्र वाटलं की त्यांचा प्रश्न काय होता ते शोधा.

सेमिनारमध्ये बोलणं

दहा-पंधरा जण एका टेबलाभोवती बसतात आणि बोलण्यालाही गुण असतात. शिकण्याची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल तर पहिले काही आठवडे जड जातात. त्यावर माझा अनुभवाचा उपाय असा: प्रत्येक वर्गाला एक परिच्छेद निवडून जा, पान क्रमांकासकट, आणि त्याबद्दलची पहिली दोन वाक्यं लिहूनच न्या. चर्चेच्या पहिल्या दहा मिनिटांत ती बोलून टाका. ‘सदतिसाव्या पानावर लेखिका म्हणते ते मला पटलं नाही, कारण…’ एवढ्याने सुरुवात होते. गोल गोल सैद्धांतिक बोलण्यापेक्षा मजकुरावर बोट ठेवून बोलणारा विद्यार्थी प्राध्यापकांच्या लक्षात राहतो.

ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांनी भेटीसाठी राखून ठेवलेल्या वेळेत, जायला अडचण असावीच लागते असं नाही. फील्डनोट्सचं, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्याच्या नोंदींचं, एक पान घेऊन जा आणि ‘हे वाचून मला काय दिसलं नाही ते सांगा’ एवढंच म्हणा. या विषयातली काही मोठी नावं पदवीच्या काळातल्या अशाच सहवासातून पुढे आली आहेत. मार्गारेट मीड बर्नार्ड कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना बोआस यांच्या वर्गात बसल्या. तिथे सहायक म्हणून शिकवणाऱ्या रूथ बेनेडिक्ट यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १९२३ मध्ये पदवी घेईपर्यंत मानसशास्त्राकडून त्या मानवशास्त्राकडे वळल्या होत्या.

फील्डनोट्स: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पद्धतीशास्त्राचा कोर्स साधारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येतो. तोवर थांबू नका. पहिल्याच सत्रात एक वही काढा आणि आठवड्यातून एकदा तासभर एका जागी बसून लिहा. जागा साधी असावी, जिथे लोक येतात-जातात आणि काहीतरी करतात. वसतिगृहातली कपडे धुण्याची खोली त्यासाठी उत्तम.

नवशिक्याची नोंद बहुधा अशी असते:

‘मुलं एकमेकांच्या कपड्यांना हात लावायला लाजतात. एक मुलगी वैतागली होती, पण तिने सभ्यपणा सोडला नाही.’

आता तोच प्रसंग असा लिहिला तर:

‘७:४०. डावीकडचं तिसरं मशीन थांबलं. कपड्यांचा मालक आसपास नाही. राखाडी स्वेटरवाली मुलगी टोपली घेऊन उभी. काचेतून आत पाहते, दाराकडे पाहते, फोन पाहते. ७:५१. मशीनचं दार उघडते, पुन्हा लावते. आत आलेल्या मुलाला विचारते, “हे तुझे का?” तो मानेने नाही म्हणतो. “काढून ठेव, दहा मिनिटं झाली की चालतं.” ती दोन्ही हातांनी सगळे कपडे एकदम उचलते आणि मशीनवरच ठेवते. टेबल रिकामं आहे. एक मोजा खाली पडतो, तो उचलून ढिगाच्या सगळ्यात वर ठेवते.’

पहिल्या नोंदीत ‘लाजतात’, ‘वैतागली’ आणि ‘सभ्यपणा’ हे तिन्ही तुमचे निष्कर्ष आहेत, आणि त्यांच्याखाली काय दडलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही, सहा महिन्यांनी तुम्हालाही नाही. दुसऱ्या नोंदीतून प्रश्न आपोआप निघतात. दहा मिनिटांचा नियम कुठे लिहिलेला आहे का? नसेल तर तो सगळ्यांना कसा ठाऊक? अनोळखी माणसाची परवानगी का लागली? टेबल मोकळं असताना कपडे मशीनवरच का? मोजा वर ठेवला तो हरवू नये म्हणून, की आपण काळजी घेतली हे मालकाला दिसावं म्हणून? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नोंदीत नाही आणि ते नाही हे तुम्हाला दिसतंय. पुढच्या आठवड्यात काय पाहायचं, कुणाला काय विचारायचं, ते त्यातून ठरतं. एक चांगलं पान पुढच्या महिन्याचं काम देतं ते असं.

काही सवयी सुरुवातीपासून लावून घ्या. जागेवर फक्त त्रोटक टिपणं काढा आणि पूर्ण नोंद त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी लिहा, कारण सकाळपर्यंत बोलण्यातले नेमके शब्द उडून जातात. जसंच्या तसं ऐकलेलं अवतरणचिन्हांत आणि सारांश चिन्हांशिवाय, हा भेद कधीही मोडू नका. स्वतःचा राग, कंटाळा, अवघडलेपण यांसाठी उजवीकडे वेगळा रकाना ठेवा. तो रिकामा ठेवून काम जास्त शास्त्रीय होतं असं समजू नका. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांची पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवरची एथ्नोग्राफी १९२२ मध्ये आली आणि फील्डवर्कचा आदर्श मानली गेली. त्यांची खासगी डायरी १९६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. तिच्यातली चिडचिड आणि तिथल्या लोकांबद्दलचे तुच्छतेचे उद्गार वाचून सगळं क्षेत्र हादरलं. पाहणाऱ्याचं मन कामात मिसळतंच. ते कुठे मिसळलं हे नोंदीत दिसू द्या.

आणि प्रती ठेवा, वेगवेगळ्या जागी. भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास स्टॅनफर्डमध्ये लिहीत असताना एप्रिल १९७० मध्ये तिथे आग लावली गेली. त्यांच्या रामपुरा गावावरच्या विश्लेषित टिपणांच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या आणि तिन्ही जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः आठवणीच्या आधारे पुस्तक लिहिलं. ते गाजलं खरं, पण ती वेळ कुणावर येऊ नये.

परवानगी आणि जबाबदारी

माणसांवर संशोधन करण्याआधी कॉलेजच्या नैतिक परीक्षण समितीची मंजुरी लागते. अमेरिकेत तिला आयआरबी म्हणतात. तिच्या कामामागची तत्त्वं १९७९ च्या बेलमाँट अहवालात मांडलेली आहेत: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. वर्गातल्या सरावाला बहुधा प्राध्यापकांची परवानगी पुरते, पण तीच सामग्री पुढे थिसिसमध्ये वापरायची असेल तर नियम बदलतात. म्हणून सुरू करण्यापूर्वी विचारा. अर्ज, दुरुस्त्या, पुन्हा अर्ज यात काही आठवडे जातात. उन्हाळ्यात फील्डवर्क करायचं असेल तर त्याआधीच्या सत्रातच अर्ज टाका.

मंजुरी मिळाली म्हणजे जबाबदारी संपली असं मात्र नाही. छोट्या कॉलेजात नाव बदलून ओळख लपत नाही. ‘तिसऱ्या वर्षाची, व्हायोलिन वाजवणारी, भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी’ एवढं लिहिलं की अर्ध्या कॉलेजला ती कोण ते कळतं. म्हणून नावासोबत तपशीलही बदला, किंवा दोघा-तिघांचा मिळून एक करा आणि तसं केल्याचं स्पष्ट लिहा. मित्रमैत्रिणींच्या गप्पा त्यांना न सांगता नोंदवू नका.

संशोधनाच्या नावाखाली दुसरंच काम करण्याचा प्रश्न या क्षेत्रात जुना आहे. काही मानवशास्त्रज्ञ संशोधनाच्या आडून हेरगिरी करत होते, असं बोआस यांनी १९१९ मध्ये जाहीरपणे लिहिलं. अमेरिकन मानवशास्त्रीय संघटनेने दोष दिला तो बोआस यांनाच, आणि तो ठराव मागे घेतला २००५ मध्ये. अशा गोष्टी पहिल्या वर्षीच कळायला हव्यात असं मला वाटतं. संग्रहालयात मूळ अमेरिकी समूहांचे अवशेष आणि पवित्र वस्तू दिसल्या तर त्या परत करण्याबाबतचा १९९० चा कायदाही वाचा.

मेजर जाहीर केल्यावर

मेजरसाठी साधारण दहा-बारा कोर्स लागतात. त्यात सिद्धांताचा आणि पद्धतीचा कोर्स सक्तीचा असतो. सिद्धांताच्या कोर्सात ‘-वाद’ शेपटी असलेल्या शब्दांची रांग लागते आणि पुष्कळ जण तिथेच घाबरतात. प्रत्येक विचारवंतासाठी एकच ओळ लिहा: हा कोणाशी भांडतोय? तेवढ्याने रांगेची साखळी होते. सिद्धांताचा आणि पद्धतीचा कोर्स एकाच सत्रात घेता आला तर घ्या. सकाळी वाचलेलं संध्याकाळच्या नोंदींवर पारखता येतं.

केवळ प्रमाणपत्रावर दोन नावं दिसावीत म्हणून दुसरा मेजर घेऊ नका. संख्याशास्त्राचा एक कोर्स, आणि जीवशास्त्र, भूगोल किंवा इतिहास यांपैकी एखाद्यात थोडी खोली, याचा उपयोग जास्त होतो.

तिसऱ्या वर्षी परदेशात सत्र घालवणार असाल तर शेवटचे काही आठवडे स्वतंत्र संशोधनाला देणारा कार्यक्रम निवडा. पुरातत्त्वाकडे जाणाऱ्यांनी उन्हाळ्यात एखादी फील्ड स्कूल, म्हणजे प्रत्यक्ष उत्खननाचं प्रशिक्षण, करायलाच हवी. खणताना मातीचे थर कसे ओळखायचे ते वर्गात शिकवता येत नाही, आणि पुढे नोकरी देणारे पहिला प्रश्न तोच विचारतात. उन्हाळी संशोधनासाठी बऱ्याच कॉलेजांकडे पैसे असतात. त्यांच्या अर्जांच्या तारखा फार आधी येऊन जातात, त्या शोधून ठेवा.

थिसिस

प्रश्न लहान घ्या. ‘सोशल मीडिया आणि ओळख’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. ‘सायकल दुरुस्तीच्या एका कार्यशाळेत स्वयंसेवक कोणाला शिकवतात आणि कोणाला नुसतं दुरुस्त करून देतात’ हा प्रश्न आहे. तिथे जाऊन बसता येतं, मोजता येतं, विचारता येतं.

स्वतःच्याच लोकांमध्ये फील्डवर्क करावं का, असं बरेच जण विचारतात. जरूर करावं. अमेरिकी लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी बर्नार्डमधून १९२८ मध्ये पदवी घेतली. बोआस यांच्या मार्गदर्शनाखाली त्या लोककथा गोळा करायला फ्लोरिडातल्या आपल्याच इटनव्हिल गावी गेल्या. लहानपणापासून ऐकलेल्या त्या कथा दूर शिकायला गेल्यावरच आपल्याला नीट दिसू लागल्या, असं त्यांनी १९३५ च्या पुस्तकात म्हटलं आहे. घरच्या फील्डमध्ये प्रवेश सोपा असतो आणि पाहणं अवघड. तिथे वहीत ‘हे मला आधीच माहीत आहे’ अशी एक खूण ठेवा आणि ती खूण पडलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल कुणाला तरी मुद्दाम विचारा.

निदान पहिल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग स्वतः ऐकून शब्दशः लिहून काढा, सॉफ्टवेअर हाताशी असलं तरी. तासाभराच्या मुलाखतीला चार ते सहा तास लागतात. पण माणूस कुठे थांबला, कुठे हसला, कोणता प्रश्न त्याने टाळला, हे त्यातच ऐकू येतं. लिहायला बसताना सिद्धांताच्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. सगळ्यात जिवंत नोंद घ्या, तिच्याभोवती पाच पानं लिहा आणि ती मार्गदर्शकांना दाखवा. पहिलं सत्र संपेपर्यंत एक प्रकरण कच्चं का होईना, पूर्ण हवं. दुसरं सत्र पुनर्लेखनात कसं जातं ते कळतही नाही.

पुढे काय

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लूसी सचमन यांनी लोक फोटोकॉपी मशीनशी प्रत्यक्षात कसे झगडतात ते बारकाईने पाहिलं, आणि त्यावरचं त्यांचं १९८७ चं पुस्तक संगणकक्षेत्रातही वाचलं गेलं. ब्रिन मॉरमध्ये मानवशास्त्र शिकलेल्या जेनेव्हीव्ह बेल पुढे पीएचडी करून १९९८ मध्ये इंटेलमध्ये गेल्या. आज तंत्रज्ञान कंपन्यांतलं वापरकर्ता-संशोधन, सार्वजनिक आरोग्य, संग्रहालयं आणि सामाजिक संस्था इथे या पदवीचे लोक काम करतात. अमेरिकेत १९६६ च्या वारसा संरक्षण कायद्यामुळे सरकारी पैशाच्या किंवा परवानगीच्या प्रकल्पांपूर्वी जागेची तपासणी करावी लागते. पुरातत्त्वातल्या पुष्कळ नोकऱ्या त्यातूनच निर्माण झाल्या आहेत. वैद्यकीय किंवा कायद्याच्या शिक्षणाकडेही जाता येतं, फक्त वैद्यकीयसाठी लागणारे विज्ञानाचे कोर्स पहिल्या वर्षापासून घ्यावे लागतात.

नोकरीच्या मुलाखतीत ‘मी मानवशास्त्र शिकले’ एवढ्यावर थांबू नका. ‘एका कार्यशाळेत मी चार महिने निरीक्षण केलं, वीस जणांशी बोलले, आणि लोक मदत मागायला का कचरतात ते शोधलं’, असं तुमच्या थिसिसचं जे काही खरं असेल ते सांगा. सोबत पाच-सात पानांचा लेखनाचा नमुना ठेवा.

पीएचडीचा विचार असेल तर मध्ये दोनेक वर्षं काम करा. अमेरिकेत ती पूर्ण व्हायला सहा-आठ वर्षं सहज लागतात आणि शेवटी प्राध्यापकाची जागा मिळेल याची खात्री नसते. फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळत असेल तरच प्रवेश घ्या. अर्जाआधी ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांचे दोन लेख वाचून त्यांना थेट लिहा, आणि त्यांचे सध्याचे विद्यार्थी काय म्हणतात तेही विचारून घ्या.